सोनं चालतं, नाव चालत नाही

यादी वाचली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या बुद्धमूर्तीसाठी दान देणाऱ्यांची यादी होती ती. विहारातल्या समारंभासाठी तीनशे कार्डं करायची आणि त्यांवर ही बेचाळीस नावं सोनेरी वर्खात उठवायची, हे काम माझ्याकडे आलेलं. सिमेंटची दोन पोती देणाऱ्याचं नाव होतं. जेवणाला पत्रावळ्या देणाराही होता. माझ्या थोरल्या बहिणीचं, चानफोंगचं, नाव नव्हतं.

अहो, तिचं कडं आहे त्या मूर्तीत! बोटाएवढं जाड, अस्सल सोन्याचं. मरायच्या आधी आठ दिवस तिने ते स्वतःच्या हातातून काढून मला दिलं आणि म्हणाली, "बुआचुम, हे मूर्तीत टाक." ओतकामाच्या दिवशी सगळ्या गावादेखत मी ते भट्टीतल्या रसात सोडलं. तेव्हा आमचा गावप्रमुख इंसोन शेजारी हात जोडून उभा होता.

मी तडक त्याच्या घरी गेले. तो चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवून खात होता.

"इंसोन, एक नाव राहिलंय."

"राहिलं नाही, पा." आमच्याकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात, मावशीच्या जागी. "समितीने ठरवूनच गाळलंय. बँकॉकची मंडळी येणार. कुणी विचारलं, या बाई कोण, काय करायच्या, तर काय सांगू? पट्टायात..."

"पट्टायात बारमध्ये नाचायची म्हणून सांग! त्याच पैशांतून विहाराचं छप्पर झालं, तेव्हा कुठे होती रे तुझी समिती?"

"आवाज खाली, पा. बुद्धाच्या पाठीला वर्ख लावणाऱ्याचं पुण्य सगळ्यांत मोठं, असं आपणच म्हणतो ना? दिसत नाही, पण पोचतं."

"मग तुझं नाव लाव की पाठीला! यादीत तर सगळ्यांच्या वर जाऊन बसलायस!"

आत त्याची बायको फिसकन हसली. तो लाल झाला.

"कडं परत दे," मी म्हटलं.

"वितळलं ते! वेड लागलंय का?"

"मग मूर्ती वितळव. माझ्या बहिणीचं सोनं तेवढं मला काढून दे."

त्याने भाताचा घास तसाच ताटात टाकला आणि हात धुवायला उठला. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज असावी माणसाला.

घरी येऊन मी कामाला बसले. पंखा बंद केला, कारण वर्ख नुसत्या वाऱ्याने उडतो. कापलेल्या साच्यातून कागदावर डिंक ओढायचा, बोटाला चिकट लागेल पण ओलं लागणार नाही इतपत सुकू द्यायचा, मग वर्ख ठेवून चमच्याच्या पाठीने दाबायचा आणि उरलेला ब्रशने झटकायचा. आमचा कागद झाडाच्या सालीचा, हाताने गाळलेला. डिंक त्याच्या धाग्यांत मुरतो. नंतर खरवडायला गेलं तर कागद जातो, वर्ख जात नाही. बेचाळीस नावांचे साचे कापून झाल्यावर मी त्रेचाळिसावा कापला आणि तो सगळ्यांत वर लावला, इंसोनच्याही वर. कुणाला विचारलं नाही. विचारायचं ते विचारून झालं होतं.

समारंभाच्या सकाळी गठ्ठे घेऊन विहारात गेले. इंसोनने वरचंच कार्ड उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पा, हे काय करून ठेवलंत!"

"चुकलेली यादी दुरुस्त केली."

त्याने कुणाकडून तरी ब्लेड मागून घेतलं आणि चानफोंगचं नाव खरवडायला लागला. तिसऱ्या-चौथ्या ओरखड्यात कागद टरकन फाटला आणि खालचं त्याचं स्वतःचं अर्धं नाव घेऊन गेला.

"अजून दोनशे नव्व्याण्णव आहेत," मी म्हटलं. "कर सुरू."

तोवर गावातल्या बायकांनी बाकीचे गठ्ठे उघडून कार्डं वाटायलाही घेतली होती. मंडपात सतरंज्यांवर पाहुणे बसले होते. पुढे बँकॉकची एक म्हातारी मॅडम चष्मा लावून कार्ड उलटसुलट करत होती. भन्ते येऊन आसनावर बसले. इंसोनला माईक हातात घ्यावाच लागला.

आमच्याकडे एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी हात जोडून 'साधू', म्हणजे 'भलं केलंत', म्हणायचं, अशी रीत आहे. त्याने स्वतःच्या नावापासून सुरुवात केली. लोक "साधू" म्हणाले. तो पुढचं नाव घेणार, तेवढ्यात मॅडमने बोट वर केलं.

"अहो, पहिलंच नाव गाळलंत की."

गावातल्या प्रत्येकाला ते नाव माहीत होतं आणि प्रत्येकाने कधी ना कधी तिच्या पाठीमागे तोंड वाकडं केलं होतं. इंसोनने भन्तेंकडे पाहिलं. भन्तेंनी फक्त हात जोडले आणि ते वाट बघत राहिले.

"चानफोंग," इंसोन माईकमध्ये पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मॅडम म्हणाली.

"चानफोंग!"

सगळा मंडप "साधू" म्हणाला. मी भांडायच्या तयारीने आले होते, चार वाक्यं घोकून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. माझ्याच बहिणीला साधू म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं.