बाबांच्या वाटची नासपती

नव्या वर्षाच्या बाजारात शिरायचं तर माणसाची कोपरं भक्कम हवीत. रुईयिनच्या एका हाताला नऊ वर्षांची ची-आन होती, दुसऱ्या हाताला पाच वर्षांची मेंगमेंग, त्यामुळे तिला कोपरंही वापरता येईनात. दिहुआ रस्त्यावर अख्खं तैपेई लोटलं होतं. जो तो दुकानदार चवीला म्हणून काहीबाही हातावर ठेवत होता, आणि मेंगमेंगचं दुपारचं जेवण त्यातच उरकलं होतं.

काम एकच होतं. घटस्फोटानंतरचं हे पहिलंच नवं वर्ष. वर्षअखेरच्या जेवणाला मुली उद्या कीलुंगला बोहानकडे, म्हणजे त्यांच्या बाबांकडे, जायच्या होत्या. त्यांनी रिकाम्या हातानं जाऊ नये असं रुईयिनच्या मनानं घेतलं होतं. नवरा म्हणून तो तिला नकोसा झाला होता, हे खरंच. पण बाप म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. आपल्यापायी पोरींना बाबांवर माया करायची चोरी होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पण ची-आनला काही म्हणता काही पसंत पडेना.

"सपाता घेऊ या? बाबांचे पाय सारखे गार पडतात."

"नको. पायातलं दिलं की माणूस चालता होतो."

"मग घड्याळ?"

"आई, घड्याळ कुणी देतं का? ते मरण दिल्यासारखं असतं."

"बरं बाई, रुमाल."

"रडायला?"

"मी बाबांना डायनासोर देणार," मेंगमेंग म्हणाली.

"बाबा काय करतील डायनासोरचं?"

"ठेवतील. मी गेले की मी खेळेन."

"हिचं बरं आहे," रुईयिन म्हणाली.

पुढच्या दुकानात छत्र्या होत्या. कीलुंगला बारा महिने वरून पाणी गळत असतं, आणि बोहान डोक्यावर पिशवी धरून हिंडणारा माणूस. ची-आनचा हात एका निळ्या छत्रीकडे गेला आणि चटका बसावा तसा मागे आला. छत्रीला म्हणायचं 'सान', आणि ताटातूट होण्यालाही 'सान'च. तेव्हा छत्रीही बाद.

"पोरगी आहेस की पंचांग?" रुईयिन वैतागली. आपल्या माजी सासूबाईंनीच हे भरवलं असणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात एका फळवाल्यानं एक नासपती उभी चिरली. अर्धी रुईयिनच्या हातावर ठेवली, अर्धी ची-आनच्या. "खाऊन बघा ताई, साखर आहे नुसती."

ची-आननं आपली फोड फेकूनच दिली. आईच्या हातावरही फटका मारला, आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागली. फळवाला बिचारा सुरी हातात धरून बघत राहिला. रुईयिन आधी चिडली, मग पोरीचं तोंड पाहून घाबरली. तिला बाजूला घेऊन ती वाळवलेल्या अळंब्यांच्या पोत्यांशी उकिडवी बसली.

"मीच केलं ते," ची-आन म्हणाली.

"काय केलंस?"

"सणाच्या पौर्णिमेला, गच्चीवर. एकच नासपती उरली होती. मी ती कापली. अर्धी तुला दिली, अर्धी बाबांना. मग बाबा गेले. वाटून खायची नसते, हे मला शाळेत नंतर कळलं."

नासपतीला म्हणतात 'ली', आणि सोडून जाण्यालाही 'ली'च. ती वाटून खाल्ली की माणसं दुरावतात, असं तिथली जुनी माणसं मानतात. एवढे महिने पोर हे ओझं घेऊन शाळेत जात होती, जेवत होती, झोपत होती, आणि आपल्याला पत्ता नाही.

"अगं वेडे, आमचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून पौर्णिमा जाऊ दिली. नासपतीनं काही झालं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

आता हिला पटवायचं तरी कसं? मेंगमेंगनं मात्र पडलेली फोड उचलली होती आणि फुंकर मारून ती मजेत चघळत होती.

"बाबांची पण मीच खाल्ली होती," ती म्हणाली.

"काय खाल्लीस?" ची-आननं विचारलं.

"नासपती. बाबांना आवडत नाही. त्यांनी मला टेबलाखालून दिली. म्हणाले, ताईला सांगू नको, तिनं एवढी हौसेनं कापलीय."

ची-आन रडायची थांबली. तिचा हिशेब चालू झालेला चेहऱ्यावर दिसत होता. "म्हणजे अर्धी आईनं खाल्ली आणि अर्धी तू."

"हो."

"मग ताटातूट तुझी आणि आईची व्हायला हवी होती."

रुईयिननं मेंगमेंगकडे पाहिलं. "हिची? ही बया मला न्हाणीघरातसुद्धा एकटीला जाऊ देत नाही."

आधी ची-आनला हुंदक्यातच हसू फुटलं, मग तिघी पोत्यांना टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. फळवाल्याच्याही जिवात जीव आला.

नाक पुसून ची-आननं हळूच विचारलं, "मग काय दिलं की बाबा घरी परत येतील?"

खोटं बोलणं सोपं होतं. रुईयिन म्हणाली, "काहीही दिलंस तरी नाही येणार, सोन्या. ते माझ्यापासून वेगळे झालेत. पण तुझे बाबा ते तुझेच. कुठलं फळ कापून ते तुटायचे नाहीत."

ची-आन उठली आणि तडक छत्र्यांच्या दुकानात गेली.

"भेट द्यायला?" दुकानदारणीनं कपाळाला आठ्या घातल्या. "वर्षाच्या तोंडावर छत्री देतात का कुणी?"

"मावशी, घटस्फोट होऊन गेलाय," रुईयिन म्हणाली. "आता छत्री बिचारी काय बिघडवणार?"

दुकानदारीण तोंडाला पदर नव्हता म्हणून हात लावून हसली. ची-आननं लहान निळी छत्री बाजूला सारली आणि एक थोराड, काळीभोर छत्री खाली ओढली.

"एवढी मोठी कशाला गं? एकटे तर आहेत बाबा."

"एकटे कुठे? आम्ही आहोत ना." ची-आननं छत्री उघडून डोक्यावर धरली. "मधे बाबा. इकडे मी. तिकडे मेंगमेंग."

रुईयिन थांबली. चौथं नाव काही आलं नाही. टोचलं तिला, नाही कशाला म्हणा. पण ची-आन छत्रीखालून खुशीत बघत होती, आणि बाबांबद्दल बोलताना आज पहिल्यांदाच तिनं आईच्या तोंडाकडे पाहून अंदाज घेतला नव्हता.

"मावशी," रुईयिन म्हणाली, "याहून मोठी आहे का हो?"