बाबा हरले, खापर माझ्यावर

मी गेमचा कंट्रोलर बोलतोय. कालपर्यंत टीव्हीखालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्यात पडलो होतो. पाठीवर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'बिघडलेला'. साफ खोटं! माझं एक बटणसुद्धा अडकत नाही.

या घरात मी आलो तो लेकासाठी. नवे गेम खेळायचे आणि ते कसे आहेत ते लिहायचं, हा त्याचा धंदा. पण त्याच्या बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि माझं नशीब पालटलं. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यांना डाव्या हातात साधा कप धरता येईना. डॉक्टर म्हणाले, अंगठा हलता ठेवा. लेकाने मला त्यांच्या हातात दिलं, फुटबॉलचा गेम लावला आणि म्हणाला, "बाबा, खेळा माझ्याशी."

तेव्हा मला तो पोरगा देवमाणूस वाटला होता.

दर रविवारी सामना व्हायचा. सुरुवातीला बाबांचा अंगठा माझ्या दांडीवरून घसरायचा. मग हळूहळू पास बरोबर खेळाडूच्या पायात जायला लागले, गोल व्हायला लागले. लेक हरला की बाबा घर डोक्यावर घ्यायचे. "काय साहेब, लिहा आता, म्हाताऱ्याने धुतलं म्हणून!" आई आतून ओरडायची, "अहो, हळू! शेजारी धावत येतील." घरी येईल त्याला बाबा सांगायचे, "हात बरा झालाय बघा." मलाही वाटायचं, आम्ही दोघांनी मिळून तो बरा केला.

मग त्या गेमची नवी आवृत्ती आली. समीक्षकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. खेळाडू आता बर्फावरून घसरल्यासारखे पळत नाहीत, चेंडूला वजन आलंय, गोलकीपरला अक्कल आलीय. खरंच आहे ते, मी कशाला नाकारू? आमच्या लेकाला मात्र सगळ्यात जास्त आवडली ती एकच सुधारणा. बाबांनी त्याचा लेख फोनवर उघडून आईला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला: "जुन्या गेममध्ये तुमचा पास चुकला तरी गेमच तो सुधारून द्यायचा. ही कुबडी अखेर गेली. आता चेंडू तिथेच जातो, जिथे तुमचा अंगठा नेतो."

"बरं झालं काढली," बाबा म्हणाले. "आपल्याला काय करायचीय कुबडी!"

लेक मान खाली घालून मोजे चढवत राहिला.

रविवारी नवा गेम लागला. बाबांचा पहिला पास मैदानाबाहेर. दुसरा थेट लेकाच्या खेळाडूकडे. बाबांनी मला झटकलं, गुडघ्यावर आपटलं. "याला काय झालंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या गेममधली ती मदत लेकाने गुपचूप फक्त बाबांच्या बाजूने चालू ठेवली होती. जिंकत होता तो गेम. बाबा नाहीत आणि मीही नाही. आणि हा पठ्ठ्या काय म्हणाला? "कंट्रोलर बिघडलाय, बाबा. नवा आणतो."

अरे, माझ्यादेखत! ओरडून सांगावंसं वाटलं, मी धडधाकट आहे. पण मी धडधाकट म्हटलं की दोष कुणाच्या हातावर जातो, ते मला ठाऊक होतं. निमूटपणे खणात गेलो.

नवा कंट्रोलर आला. खणात मला सगळं ऐकू येत होतं. बाबा पुन्हा हरले, पार धूळधाण झाली. लेक चाचरत म्हणाला, "हा पण जरा..."

"किती कंट्रोलर बिघडवशील रे?" बाबा म्हणाले.

टीव्ही बंद झाला. रविवारचे सामनेही बंद झाले.

काल दुपारी खण उघडला. बाबांनी माझ्या पाठीवरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. "तुला उगाच आपटलं," म्हणाले. कालपासून बंद टीव्हीसमोर बसून ते माझी दांडी फिरवतायत. वर जाते, खाली जाते, डावीकडे अजून नीट जात नाही. लेकाने दारातूनच विचारलं, "बाबा, जुना गेम लावू का?"

"नको. तुझ्याशी कट्टी."

लेका, माझ्यावर खापर फोडलंस ते मी विसरेन. त्यांना खोटं जिंकवलंस, ते नाही विसरणार. आता लावशील तर तो नवाच गेम लाव. आणि हरव आम्हाला. पण खरं हरव.