सरळ बर्फाकडे

वारशी गावाच्या वर, जिथे पायवाट संपते आणि सियाचेनकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांची धूळ तेवढी पोचते, तिथे एका दगडावर कुंझेस सकाळपासून बसून होती. गुडघे ठणकत होते. या वयात बायका जपमाळ धरून बसतात. ही चौकी धरून बसली होती.

कारण, जंगली गुलाबाची झुडपं. तिच्या सासऱ्याने आणि शेजारच्या दिस्कितच्या सासऱ्याने शेतांची हद्द ठरवली ती मोठ्या खडकापर्यंत. त्यापुढे कोण मरायला जातंय, म्हणून दोघे म्हणाले, "तिथून सरळ बर्फाकडे." तेव्हा खडकावर उभं राहिलं की समोरच बर्फ दिसायचा. पुढे तो हटत हटत वळणाआड गेला आणि हद्दही सोबत घेऊन गेला. कुणी शोधलीही नाही. दोघी सुना मिळून खडकापलीकडच्या गुलाबाची फळं तोडायच्या आणि एकमेकींच्या बोटांतले काटे काढायच्या. कुंझेस दिस्कितला 'आचे', म्हणजे थोरली बहीण, म्हणायची.

परवा दुकानदार म्हणाला, दिस्कितने तारेचं भेंडोळं नेलं. झालं! आता ती झुडपांना कुंपण घालणार. कुंझेसने त्याच दुकानातून तार घेतली आणि उजाडताच वर चढली. ती बांधायची कुठे, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

तिचा मुलगा रिनचेन हिमनदीवरच्या चौक्यांना रॉकेल वाहून न्यायचा. सुट्टीवर आला होता. तो भाकरी घेऊन वर आला.

"आमा-ले, काय आहे इथे?"

"उंचावर बसेल त्याचं खालचं खोरं. इथून दिस्कितचं अख्खं शेत दिसतं."

"ते आपल्या गच्चीवरूनही दिसतं."

"मग तुम्ही वर कशाला जाता? काय पिकतं तिथे?"

"खोकला. पण आपण उतरलो तर ते येऊन बसतील, म्हणतात."

"मी वेगळं काय सांगतेय?" ती ठसक्यात म्हणाली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. सियाचेनमधलं 'सिया' म्हणजे गुलाब. नाव गुलाबांच्या मुलुखाचं आणि वर गवताची काडी नाही. आपल्या वेडेपणाला निदान फळं तरी लागतात, अशी तिने मनाची समजूत घातली.

रिनचेन उतरला आणि थोड्या वेळाने दिस्कित धापा टाकत आली. पलीकडच्या दगडावर बसली.

"तार कशाला गं?"

"तू आणलीस म्हणून, आचे."

"मी गोठ्याच्या दाराला आणली, बये!"

"मग वर का आलीस?"

"तू बसलीस म्हणून."

वारा सुटला. आधी उठावं तर गाव हसेल. उठू नये तर उद्यापासून चहा एकटीने प्यायचा. लोणी-मिठाचा चहा एकटीच्या घशाखाली उतरत नाही, हे कुंझेसला पक्कं ठाऊक होतं. तिने हात लांब करून एक फळ ओरबाडलं. काटा खोल गेला.

"आचे, काढ गं एवढा."

दिस्कितने बोट डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "दिसत नाही मेला. चष्मा खाली राहिला."

"मग खाली चल."

एकमेकींच्या खांद्याला धरून दोघी उतरल्या. रिनचेन दारातच उभा होता.

"आधी कोण उठलं?"

"ही," दोघी एकदम म्हणाल्या.