ड्रायव्हरचे पान

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. छापखान्याने मला जन्म दिला, पण जीव लावला तो एका बाइंडरने. एका लाडक्या नेत्याची भर रस्त्यात, उघड्या गाडीत झालेल्या हत्येची गोष्ट मी मुलांना सांगतो. विषय असा वाईट, तरी ग्रंथालयात माझ्यावर उड्या पडत.

हाताळून हाताळून मी खिळखिळा झालो की माझी रवानगी बाइंडरच्या दुकानात होई. तिथे सरसाचा वास, कातरलेल्या कागदांचा ढीग आणि त्याची नात. शाळा सुटली की ती मला घेऊन टेबलाखाली बसे. गोळी कुठून आली, कोण पळाले, यापुढे तिला तहानभूक सुचत नसे.

एकदा ती वाचता वाचता तणतणली, "आजोबा, या ड्रायव्हरने वळणावर गाडी थांबवली म्हणून ते मेले! काय बावळट माणूस!"

बाइंडरची सुई थांबली. "असेल, बाई."

"असेल काय? तुम्ही थांबवली असतीत?"

"पान उलट. पुढे वाच."

ती गेल्यावर त्याने ड्रायव्हरचे ते पान बराच वेळ बोटांत धरले. मला वाटले, आता हे फाटणार. फाडले असते तरी कोणी हूं की चूं केले नसते. पण गिऱ्हाइकाचे पान हरवणे म्हणजे त्याच्या धंद्याला बट्टा. त्याने ते दुहेरी टाके घालून शिवले. आज माझी बाकीची पाने सुटली आहेत, ते हलत नाही.

पुढे ग्रंथालयाने मला रद्दीत काढले. बाइंडरने मला नातीसाठी घरी आणले आणि त्या वर्षी तो गेला. नात मोठी झाली, त्याच हत्येचा अभ्यास करू लागली. मग एक दिवस तिच्या आईला राहवले नाही.

"अगं, ती गाडी तुझे आजोबा चालवत होते. नंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला पुस्तक फार आवडायचं ना. म्हणाले, पोरीची गोडी मोडू नका."

तिने मला उघडले, पुन्हा पुन्हा चाळले. त्याने गाडी का थांबवली, हे माझ्यात कुठेच नाही. ती ओक्साबोक्शी रडली.

मित्रांनो, आमची पाने दुमडू नका, आम्हाला वाळवी लागू देऊ नका. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. आम्ही फळीवर पडून राहतो, ती राहत नाहीत.