पेन्सिल्वेनियाच्या मतांवर चाललेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीतलं पाणी उपसणारा नव्हे. तळहातावर मावेन एवढा, निळ्या रंगाचा, पोटावर पट्ट्याने बांधायचा. माझ्या तोंडात औषधाची सिरिंज बसवायची, तिच्या नळीची सुई पोटाच्या कातडीखाली टोचायची, की मी त्या सिरिंजचा दट्ट्या दहा-बारा तास अगदी सावकाश पुढे सरकवत राहतो. घाई मला माहीत नाही. कंटाळा तर त्याहून नाही.

माझा जन्म युरोपातल्या एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथल्या बायका हातमोजे घालून काम करायच्या आणि एकमेकींशी फार बोलायच्या नाहीत. तिथून मी खोक्यात बसून इराणला आलो, कॅस्पियन समुद्राजवळच्या बाबोल शहरात. रक्ताच्या आजाराच्या वॉर्डातल्या परिचारिकेने मला शकीबा नावाच्या सात वर्षांच्या मुलीच्या पोटावर बांधलं आणि सांगितलं, हा आता तुझा. शकीबाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि माझं नाव 'भाडेकरू' ठेवलं. भाडं देत नाही आणि वर टोचतो, अशी तिची तक्रार होती.

तिला थॅलेसेमिया होता. आमच्या किनारपट्टीत हा आजार घरोघर आहे. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं. त्या रक्तातलं लोह अंगात साचत जातं, यकृतात, हृदयात, आणि एक दिवस हृदय बंद पडतं. माझ्या सिरिंजमधलं औषध ते लोह बाहेर काढतं. म्हणजे रक्त तिला जगवायचं आणि त्या रक्तापासून मी तिला वाचवायचो. मला स्वतःचा फार अभिमान होता. वॉर्डातले डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून इतर आयांना सांगायचे, बघा, या मुलीचा एकही दिवस चुकत नाही.

ते श्रेय खरं तर तिच्या आईचं, मनीजेचं. शकीबाचे वडील दक्षिणेत गॅसच्या कामावर असत, वर्षातून दोनदा घरी येत. घर, आजार आणि फ्रीजमधल्या औषधाच्या कुप्या, सगळं मनीजेच्या अंगावर. तिचा थोरला भाऊ बहरूज शेजारच्या गल्लीत राहायचा. तो भूगोलाचा निवृत्त मास्तर. त्याला एकच नाद होता, अमेरिकेच्या निवडणुकीचा. आमच्या नगरपालिकेत कोण निवडून आलं हे त्याला ठाऊक नसे, पण ओहायोतल्या कुठल्या तालुक्यात शेतकरी जास्त आणि कुठे कारखाने बंद पडले, हे तो घडाघडा सांगायचा. भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावून तो राज्यं रंगवत बसायचा. शकीबा त्याला छेडायची, "मामा, पेन्सिल्वेनियाला आज पाऊस आहे का? छत्री पाठवू का त्यांना?"

"हस तू," मामा म्हणायचा. "तुझ्या अंगातलं लोखंड तिथेच ठरतं."

तो खोटं बोलत नव्हता. आमचे पुढारी दर शुक्रवारी इस्राएलला बुडवण्याच्या घोषणा देत. अमेरिकेतले उमेदवार मंचावर उभे राहून इस्राएलच्या पाठीशी उभं राहण्याच्या आणि इराणला वठणीवर आणण्याच्या शपथा घेत. दोन्हीकडे टाळ्या पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाच्याच पोटाला सुई नव्हती.

शकीबा दहा वर्षांची असताना अणुकरार झाला. इराणने अणुकार्यक्रम आवरायचा आणि अमेरिकेने व्यापाराचे निर्बंध उठवायचे, असा तो सौदा होता. इस्राएलच्या सरकारने धोक्याचा म्हणून त्याला विरोध केला, पण तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षाने रेटून नेला. बाबोलच्या रस्त्यांवर लोक गाड्यांचे भोंगे वाजवत नाचले. पुढली दोन-अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. कुप्या वेळेवर यायच्या, शकीबाच्या गालावर रंग आला, ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि घरी येऊन पहिली आल्याच्या थाटात बसली.

मग तिकडे निवडणूक झाली, अध्यक्ष बदलला. नव्याने भाषणांत कबूल केलं होतं तसं करून दाखवलं आणि करार सोडला. इस्राएलच्या सरकारने त्याचं भरभरून स्वागत केलं. आमच्या पुढाऱ्यांनी आणखी मोठ्या घोषणा दिल्या. आणि मित्रांनो, औषधांवर बंदी नव्हती बरं का. कागदावर औषधांना सूट होती. फक्त औषधाचे पैसे पोचवायला एकही बँक तयार नव्हती, कारण इराणचं नाव असलेल्या कागदाला हात लावायची प्रत्येकीला धास्ती. आमच्या सरकारनेही हाती होतं ते परकीय चलन आधी कुठे खर्च केलं, हे कुणी सांगितलं नाही. दोन सरकारांनी मिळून एका मुलीचं औषध अडवलं आणि दोघांचेही हात कोरडे राहिले.

मी आठवड्यातून पाच दिवस चालायचो, तो तीन दिवस चालू लागलो, मग दोन. देशी औषध शकीबाला सोसलं नाही, अंगावर गांधी उठायच्या आणि ताप यायचा. गोळ्यांनी तिच्या मूत्रपिंडाला त्रास झाला. अशी अडीच वर्षं गेली. पंधराव्या वर्षी ती जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागली. तपासणी झाली. डॉक्टरीण बाईंनी मनीजेला बाहेर बोलावलं नाही, शकीबासमोरच सांगितलं. हृदयात लोह भरलं आहे. आता एकच उपाय, पंप दिवसरात्र चालवायचा, दोन महिने, मध्ये एक दिवसही खंड नको. खंड पडला तर केलेलं वाया.

मनीजेने ते दोन महिने गोळा केले. दुसरा शब्द मला सुचत नाही. वॉर्डातल्या परिचारिकेकडून चार कुप्या, तुर्कस्तानला ट्रक नेणाऱ्या आतेभावाकडून एक खोकं, मशहदच्या एका अनोळखी बाईकडून, जिचा मुलगा गेला होता, उरलेलं सगळं. संत्र्यांच्या दिवसांपर्यंत फ्रीजचा खालचा कप्पा भरला. सोमवारपासून सुरू करायचं ठरलं.

त्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात अमेरिकेत मतदान होतं. मतमोजणी चार दिवस लांबली. मामा आमच्याकडेच मुक्कामाला आला आणि टीव्हीसमोरून उठेना. या वेळचा दुसरा उमेदवार करारात परत येणार म्हणाला होता. इस्राएलमध्येही त्या चार दिवसांत असाच कुणीतरी मामा टीव्हीला डोळे लावून नेमकं उलटं मागत बसला असेल, आणि त्यालाही आपल्या भाचीची काळजी असेल, असं शकीबा म्हणाली. मामाला ते आवडलं नाही. शेवटी पेन्सिल्वेनियाची मतं फिरली आणि करारवाला उमेदवार निवडून आला. मामा लहान मुलासारखा रडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाईचा मोठा डबा घेऊन आला.

तो रविवार होता. त्या सकाळी गुलरुख आली. ही वॉर्डातली ओळखीची बाई, गावाकडची. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला, दानियालला, हाच आजार. बागेतल्या संत्र्यांची पिशवी घेऊन ती शकीबाला बघायला आली होती. चहा झाला, मिठाई झाली, निवडणुकीचं बोलून झालं. संत्री ठेवायला मनीजेने फ्रीज उघडला आणि खालचा कप्पा गुलरुखला दिसला. ती बघतच राहिली. "माशाल्ला," एवढंच म्हणाली.

आता आमच्याकडची रीत ऐका. पाहुण्याने एखादी वस्तू वाखाणली, की यजमानाने म्हणायचं, तुमचीच आहे, घेऊन जा. पाहुण्याने नाही म्हणायचं. यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, पाहुण्याने पुन्हा नाही म्हणायचं. तीनदा असं झालं की दोघांची अब्रू राहते आणि वस्तूही जागेवर राहते. आमचे टॅक्सीवालेसुद्धा आधी भाडं नको म्हणतात. त्यांचं ऐकून उतरून जाईल असा माणूस अजून जन्मला नाही.

मनीजेच्या तोंडून रीत निघाली. "तुमच्यापुढे काय मोठं आहे, गुलरुख खानुम, दानियालसाठी घेऊन जा."

गुलरुख म्हणाली, छे, शकीबाचं आहे ते, तिलाच लखलाभ.

"घ्या हो. शकीबा काय आणि दानियाल काय."

गुलरुख दुसऱ्यांदा नाही म्हणाली, पण तिचे डोळे कप्प्यावरून हलले नव्हते. तेवढ्यात खुर्चीतून मामा बोलला. त्याच्या अंगात अजून पेन्सिल्वेनिया होतं. "घ्या, बाई, संकोच नको. जानेवारीत नवा माणूस शपथ घेतो. मग बोटी भरभरून औषध येईल, ठेवायला जागा पुरणार नाही."

मनीजे हसली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "घेऊन जा, माझी शपथ आहे."

तिसरा नकार आला नाही. गुलरुखने संत्र्यांची पिशवी जमिनीवर रिकामी केली, खाली वाकली आणि कुप्यांची खोकी एकेक करून पिशवीत भरली. अर्धा कप्पा झाल्यावर ती थांबली. तिला तेवढीच लाज उरली होती. "तुमचे हात कधी दुखू नयेत, मनीजे खानुम," ती म्हणाली, आमच्याकडे आभार असेच मानतात, आणि तिने जोडे घातले. मनीजेने तिला दारापर्यंत पोचवलं, जिन्यावरून जपून उतरा म्हणाली. दार लावल्यावर ती खाली बसून संत्री एकेक करून गोळा करू लागली.

शकीबा सगळं बघत होती. ती म्हणाली, "आई, परत माग."

"कसं मागू?"

"तोंडाने."

मनीजेने त्या आठवड्यात तीनदा फोन लावला. मी शकीबाच्या पोटावरून ऐकत होतो. तीनही वेळा तिने दानियालची प्रकृती विचारली, गुलरुखच्या सासूची विचारली, आणि फोन ठेवला. मामा नकाशासमोर उभा राहून म्हणायचा, अगं, जानेवारीपर्यंतच तर निभवायचं आहे.

मी सोमवारी सुरू झालो आणि एक महिना दिवसरात्र चाललो. चांगला चाललो. शकीबा जिना दमानं का होईना पण न बसता चढली. मग डिसेंबरात कप्पा रिकामा झाला आणि खंड पडला.

जानेवारीत शपथविधी झाला. मामाने पुन्हा मिठाई आणली, कुणी खाल्ली नाही. नवा अध्यक्ष म्हणाला, आधी इराणने करार पाळावा. आमचे पुढारी म्हणाले, आधी निर्बंध उठवा. त्याला त्याच्या संसदेतले इस्राएलचे मित्र सांभाळायचे होते, इस्राएलमध्ये मार्चला पुन्हा निवडणूक होती, आणि आमच्याकडे जूनमध्ये. ज्याला त्याला मतं हवी होती. शकीबाला मत नव्हतं, ती सोळाची होती. तिचे पाय सुजले, झोपताना पाठीला तीन उशा लागू लागल्या. मनीजे सगळे वॉर्ड, सगळी दुकानं फिरून आली, आणि रिकाम्या हाताने आल्यावरही पोरीला म्हणाली, मिळालं.

तिने मला पुसलं, नवे सेल घातले, सिरिंज भरली आणि मला बांधलं. सिरिंजमध्ये मिठाचं पाणी होतं, सलाइन. पोरीचा धीर सुटू नये म्हणून. मी ते दट्ट्याने ढकललं. अकरा दिवस ढकललं. लोहाचा कणही बाहेर येत नव्हता आणि माझा हिरवा दिवा डौलात लुकलुकत होता.

खरं औषध आत जाताना जळजळतं, मित्रांनो. नऊ वर्षांत मी चाललो आणि शकीबाने सुईच्या जागेवरून मला शिव्या दिल्या नाहीत, असा एक दिवस गेला नव्हता. त्या अकरा दिवसांत तिने एकदाही दिली नाही. बाराव्या दिवशी सकाळी मनीजे सुई काढत होती, तेव्हा ती म्हणाली, "आई, हल्लीचं औषध फार चांगलं आहे. अजिबात दुखत नाही. तुझे हात कधी दुखू नयेत."

पट्टा सोडवायला मनीजेला बराच वेळ लागला. त्याच आठवड्यात व्हिएन्नाला करारावर बोलणी सुरू झाली, आणि बातम्यांत बोलणी आशादायक असल्याचं सांगत असताना शकीबा गेली.

दानियाल जगला. आता उंच झाला आहे, आवाज फुटला आहे. मला त्याचा आनंद व्हायला हवा. होत नाही.

मला वॉर्डात परत दिलं. एका कपाटात अशा नऊ पंपांबरोबर मी आहे. त्यानंतर तिकडे पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा अध्यक्ष बदलला, आणि एका जूनमध्ये इस्राएलची विमानं आली आणि आमची क्षेपणास्त्रं तिकडे गेली. कपाटाची काच थोडी हलली. आम्ही दहाजण जागेवरच होतो.

माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी निगा राखा अशी विनंती करायची असते. मला निगेची तक्रार नाही. मनीजेने मला शेवटच्या दिवशीही पुसलं. पण तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल. कुणीतरी मंचावरून सांगेल, शत्रूची रसद तोडतो, आणि तुमचे हात टाळीसाठी वर जातील. त्या वेळी एवढंच विचारा, की त्या रसदीत काय काय असतं. उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा. शकीबाला उत्तर माहीत होतं आणि तिला कुणी विचारलं नाही.