अंगावरचा गिलावा सुटला तेव्हा

दारावर टकटक सगळेच करतात, भिंतीवर कोण करतो? माझ्यावर मात्र एक म्हातारा रोज सकाळी बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतो, आणि माझं उत्तर ऐकल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही. मी एका लहान घराच्या मागच्या खोलीतली भिंत. भीती आता जरा उतरली आहे, म्हणून बोलते.

मी सिमेंटच्या ब्लॉकची. हे आधीच सांगते, कारण घोटाळा इथूनच झाला. वीट तहानलेली असते, पाणी घटाघटा पिते. ब्लॉकला तेवढी तहान नसते. जास्त पाजलं तर तो फुगतो आणि वाळताना आकसतो.

मला गिलावा करायला या घरच्या सुनेचे वडील आले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले, पण सारा जन्म विटांवर गेलेला. जावई म्हणाला, "बाबा, माणूस लावतो. तुम्ही नुसतं खुर्चीत बसून सांगा."

"खुर्चीत बसून गिलावा होत नाही," बाबा म्हणाले. "आणि लेकीच्या खोलीला परका हात कशाला?"

लेकीला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. खोली झाली की तिचा पलंग माझ्याच कडेला यायचा होता, कारण खिडकीचा वारा तिथे लागतो.

बाबांनी दोन दिवस मला पाइपने न्हाऊ घातलं. "कोरड्या भिंतीला माल लावणं म्हणजे उपाशी माणसाला उपदेश करणं," ते म्हणायचे. मी गारठले, फुगले. मग त्याच गुळगुळीत ओल्या अंगावर त्यांनी थापीने माल मारला आणि गवंड्याचा सपाट लाकडी रंधा गोल गोल फिरवत मला सपाट केलं. हात इतका मऊ होता की मला तक्रार सुचली नाही.

"यात तोंड दिसेल, बाबा," जावई म्हणाला.

"तोंड बघायचं तर आरसा घ्या."

खोली झाली, तिचा पलंग माझ्या कडेला आला, आणि दोन-तीन आठवड्यांत मी आकसू लागले. उशीच्या बरोबर वर गिलाव्याने माझं अंग सोडलं. आधी केसाएवढं, मग हातभर, मग त्याहून जास्त. वरून काही दिसत नव्हतं. तो जड थर फक्त कडांना धरून लोंबत होता, आणि खाली ती झोपलेली.

ती माझ्यावर तळवा टेकवायची आणि पोटातल्या बाळाला म्हणायची, "बघ, किती गार आहे." माझा जीव मुठीत. मला ओरडता येत नाही, सरकता येत नाही. वाऱ्याने दार आपटलं की वाटायचं, झालं, सुटला. रस्त्याने जड गाडी गेली की मी एकेक कड मोजायचे. तिने कूस बदलली तरी मला धडकी भरायची.

एके दुपारी जावई घड्याळ लावायला खिळा घेऊन आला. अगदी उशीच्या वर. मी मनात म्हटलं, संपलं. हातोडीचा पहिला हलका ठोका पडला आणि आवाज आला, बद.

"जावईबापू, हात थांबवा," लेकीची आई म्हणाली. तिने तीस वर्षं नवऱ्याच्या हाताखाली माल कालवला होता. तिने पुढे येऊन पेराने वाजवलं. कडेला टण. उशीच्या वर पोकळ, बद. तिने नवऱ्याला हाक मारली.

"तुझे कान म्हातारे झाले," बाबा दारातूनच म्हणाले.

"झाले असतील. भिंत तर महिन्याची आहे ना? मग ती का खोकते?"

बाबा उंबरा ओलांडेनात. त्यांचा मान माझ्या अंगावर होता, आणि माझ्याखाली त्यांची लेक. कोणतं जड ठरेल ते मला कळेना. ते क्षण मी आयुष्यात विसरणार नाही.

मग लेक हळूच म्हणाली, "बाबा, मी उठू का?"

ते आले. माझ्यावर कान ठेवून त्यांनी एकदा वाजवलं. मी होतं तेच सांगितलं. 

"तू उठू नकोस. जावईबापू, पलंग धरा. आधी पलंग, मग बोलणं."

दोघांनी तिला पलंगासकट ओढत बाहेर नेलं. परत येऊन बाबांनी कडेला छन्नी लावली. मला छन्नीचीही भीती वाटली, खोटं कशाला बोलू? एकच घाव बसला आणि गोधडीएवढा थर एका दमात खाली आला. उशीच्या जागची फरशी फुटली.

 बाबांनी एक तुकडा उचलला. पाठ गुळगुळीत, कुठेच धरलेलं नाही. "विटेच्या हिशेबाने पाजलं हिला," ते म्हणाले. "ब्लॉकला विचारलंच नाही."

"मग आता विचारा," आई म्हणाली, आणि घमेलं आणायला गेली.

उरलेला गिलावाही त्यांनी उतरवला. मी पुरती वाळेपर्यंत मला हात लावला नाही. मग नुसता ओला ब्रश फिरवला. सिमेंट-वाळूचा पातळ माल फटकारून मला मांजराच्या जिभेसारखं खरखरीत केलं. तो थर घट्ट झाल्यावरच नवा गिलावा चढवला. या वेळी त्याने मला धरलं, मी त्याला.

तरी दार आपटलं की मी आजही दचकते. तुमच्या घरी नवा गिलावा झाला असेल तर उशीच्या वर एकदा वाजवून बघा. आम्हाला विचारलं तरच बोलता येतं.

काल बाबांनी टकटक केली तेव्हा नात कडेवर होती. तिनेही आपली मूठ माझ्यावर आपटली आणि आजोबांसारखीच थांबून राहिली. आवाज अगदी बारीक होता. पण मी तिलाही उत्तर दिलं.