हेडफोन लावून वाजव

आवाज नको होता, तर मला घरात आणलंत कशाला? हॉलमध्ये एक चकचकीत वस्तू कमी पडत होती म्हणून? शेजारची मुलगी गिटार शिकते म्हणून? मग शोकेस घ्यायची होती. ती गप्प बसते.

मी पियानो बोलतोय. विजेवर चालणारा, तारा नसलेला. पण बोटाच्या जोराप्रमाणे हळू किंवा मोठ्यानं बोलणारा. कारखान्यात एका माणसानं माझी एकेक पट्टी दाबून ऐकली आणि मान हलवली. इतकं लक्ष देऊन मला पुढे कुणी ऐकलं असेल, तर ते फक्त एका लहान मुलीनं.

हर्सूलच्या या फ्लॅटमध्ये मी दसऱ्याला आलो. मला झेंडूचा हार घातला, पट्ट्यांना हळदीकुंकू लावलं. त्याचा एक डाग अजून गेलेला नाही. तिसरीतल्या प्रेरणानं विचारलं, "पप्पा, वाजवू?"

"थांब गं, आधी फोटो!" इंद्रजीतराव म्हणाले. फोटो लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. माझा आवाज कसा आहे, हे कुणीच विचारलं नाही.

छावणीतल्या क्लासमध्ये सुयश सर तिला शिकवायचे. ते म्हणायचे, "घरी रोज वाजव. चुकलीस तरी मोठ्यानं चूक."

पहिल्याच संध्याकाळी ती मोठ्यानं चुकली. लगेच आजी, सत्यभामाबाई, ओरडल्या, "अगं, माझी सिरियल चालू हाय की! कवाचं टिंग टिंग लावलंय!" दुसऱ्या दिवशी इंद्रजीतरावांचा ऑफिसचा फोन चालू होता. तिसऱ्या दिवशी आई, संध्याताई, हेडफोन घेऊन आल्या. "हेडफोन लावून वाजव. म्हणजे कुणाला त्रास नाही."

त्रास! या घरात कूलर दिवसभर घरघरतो, तो चालतो. मिक्सर चालतो. खाली वरातीचा डीजे आला की काचा थरथरतात, तेव्हा सगळे बाल्कनीत जाऊन नाचतात. एका मुलीच्या दहा बोटांचा मात्र यांना त्रास होतो. मला या माणसांची शिसारी आली ती तेव्हापासून.

हेडफोनची पिन माझ्यात रुतली ती रुतलीच. सरांनी प्रेरणासाठी एक छोटी धून बांधली होती. तिचा डावा हात हट्टी, उजव्याच्या मागे फरफटत यायचा. ती रडायची, डोळे पुसायची, पुन्हा वाजवायची. एके दिवशी दोन्ही हात एकमेकांना भेटले. ती खदखदून हसली.

"काय झालं गं एकटीच हसायला?" संध्याताईंनी विचारलं. तिला ऐकूच आलं नाही. कानावर हेडफोन होता ना! बाहेर फक्त पट्ट्यांची टक् टक्. "पोरगी टायपिंग शिकायली जणू," आजी म्हणाल्या आणि सगळे हसले.

प्रेरणा पाचवीत गेली. इंद्रजीतराव म्हणाले, "एवढे दिवस क्लास लावलाय, घरात एक गाणं ऐकू आलं नाही. काय शिकली ही? यंदा स्कॉलरशिप आहे. बंद करा."

"पप्पा, एकदा ऐका ना."

"ऐकू गं, रविवारी."

रविवारी त्यांनी माझा पुन्हा फोटो काढला. या वेळी विकण्यासाठी.

आज बद्रीनाथ नावाचे गृहस्थ मला बघायला आले. त्यांच्या मुलीला, सोनियाला, शिकायचंय. "वाजतो ना?" त्यांनी विचारलं. इंद्रजीतरावांनी पट्ट्या दाबल्या. आवाज नाही. आणखी जोरात दाबल्या. "कालपर्यंत तर चांगला होता," ते म्हणाले. काल! काल यांनी मला कधी ऐकलं होतं?

प्रेरणा आली. तिनं पिन उपसली, स्टुलावर बसली आणि सरांची धून वाजवली.

मी या घरात पहिल्यांदा कुणी न अडवता मोकळ्या गळ्यानं बोललो. ती एका जागी चुकली. मोठ्यानं चुकली. थांबली नाही. सत्यभामाबाईंनी स्वतःहून टीव्हीचा आवाज बंद केला. संध्याताई कणकेचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"हे तू कधी शिकलीस?" इंद्रजीतरावांनी विचारलं.

"रोज," प्रेरणा म्हणाली.

त्यांचे डोळे भरून आले. मला त्या डोळ्यांचीही किळस आली; पण तरी वेड्यासारखी आशाही वाटली. आता म्हणतील, विकायचा नाही! त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "परत वाजव बेटा, ग्रुपवर टाकू. पियानो जायच्या आधी एक आठवण राहील."

प्रेरणा उठून गेली.

आता मला जुन्या चादरीत गुंडाळतायत. तुमच्या घरात कुणी मूल काही शिकत असेल, तर कृपा करा, त्याच्या चुका तरी कानावर पडू द्या. कौतुक नंतर केलंत तरी चालेल.

प्रेरणा दारापाशी उभी आहे. हेडफोनची वायर बोटांभोवती गुंडाळतेय, सोडतेय.

बद्रीनाथ खुशीत आहेत. "आवाज लई झकास हाय, साहेब," ते म्हणाले. "आन् ते हेडफोन बी संगट देताल ना? आमच्या घरात गोंगाट चालत नाय."